त्रेचाळीस ठिपके

मंगळवार, आठ जुलै. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सातारा–सांगली एसटी उंब्रजला थांबली, क्रांती घाडगे आत चढली, आणि खिडकीशी बसलेल्या एका तरुणाची निथळती छत्री तिच्या पायावर पडली. चपला नव्या होत्या. चार दिवसांच्या.

तरुणाने छत्री उचलली नाही. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

"आवं, छत्री!" क्रांती म्हणाली.

तो पुटपुटतच राहिला.

"साताऱ्यापासनं चाललंय ताई," कंडक्टर तिकिटाचं मशीन पुढे करत म्हणाला. "मला वाटलं भटजी हाय. मंतर म्हणतोय."

क्रांतीने कान दिला. मंत्र नव्हता. कतब… कतबा… कतबू… कतबत… कतबना… अरबी क्रियापदाची रूपं होती. चौदा असतात, आणि पाढ्यासारखी पाठ करावी लागतात. उंब्रजच्या थांब्यावर, ओल्या रेक्झिनच्या वासात ती कानावर पडतील असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं. पण पायाचा अंगठा ठणकत होता, त्यामुळे आश्चर्याआधी रागच आला.

"कतबता राहिलं," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. "काय?"

"त्या दोघींनी लिहिलं, ते रूप. कतबत झालं की कतबता. दोघी बायकांना वाटेत सोडून पुढं गेलात तुम्ही. आणि तिसरीच्या पायावर छत्री टाकलीत."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग छत्रीकडे, मग चपलेकडे. मग हसला… आणि तिथेच चुकला.

"तुम्ही क्रांती घाडगे," तो म्हणाला. "शिकलगार मॅडम म्हणाल्या होत्या, रागीट आहे, बाकी ओळख पटवायला काही लागणार नाही. मी सौमित्र. वाईचा. एम.ए. पहिलं वर्ष. सांगलीच्या पोथीसाठी मला तुमच्याबरोबर लावलंय."

"लावलंय? मी काय ट्रॅक्टर हाय, मागं ट्रॉली लावायला?"

कंडक्टर मोठ्याने हसला. कराड येईपर्यंत क्रांती एक शब्द बोलली नाही. कराड सोडल्यावर मात्र तिने विचारलं, वाईच्या घाटावरचा मुलगा अरबीकडे कसा वळला. वडील संस्कृत शिकवतात, तो म्हणाला. लहानपणापासून एक व्याकरण पाठ होतं, दुसरं कसं बांधलंय ते बघायची हौस आली.

"आणि तुम्ही?"

हा प्रश्न तिला आवडत नसे. गावात तो रोज कुणीतरी विचारायचं. साळूआत्या तर भरल्या लग्नात म्हणाली होती, "अरबी? दुबईला निघालीस व्हय गं?" पण सौमित्रच्या विचारण्यात दुबई नव्हती. म्हणून तिने खरं ते सांगितलं. वडील, लालासाहेब, फौजेत होते. शांतिसेनेत वर्षभर लेबनॉनला होते. चौकीजवळच्या बेकरीवाल्याने त्यांना आपल्या मुलीचं पहिलीचं पुस्तक दिलं. ते उंब्रजला आलं तेव्हा क्रांती नऊ वर्षांची होती. अक्षरं उजवीकडून चालतात हे बघून तिला वाटलं, हे कुणीतरी चिडून लिहिलंय.

"म्हणून आवडलं?" सौमित्रने विचारलं.

"म्हणून आवडलं."

पोथी सांगलीच्या गावभागात, एका खासगी ग्रंथसंग्रहात होती. एकसष्ट पानं, अरबी व्याकरणावरची टीका, आदिलशाहीच्या काळात विजापूरला नकललेली. दोन हजार एकोणीसच्या पुरात ती तीन दिवस पाण्यात होती. फोटो काढले की डाग काळे यायचे आणि अक्षरं गिळायचे. मूळ पान खिडकीशी तिरकं धरलं तरच वाचता येई. क्रांतीने वर्षभर खपून सगळी पोथी हाताने उतरवली होती. तेव्हा सोबत वर्गमैत्रीण रेश्मा होती. जूनमध्ये रेश्माला पुण्यात नोकरी लागली आणि ती गेली.

उतरवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे ताडून बघणं. एकाने मूळ पोथीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नक्कल पुढ्यात घेऊन ऐकायचं. जुने नक्कलकार प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक रिकामं वर्तुळ काढून ठेवत. तेवढा मजकूर मूळ प्रतीशी ताडून झाला की वर्तुळात ठिपका. रिकामं वर्तुळ म्हणजे अजून विश्वास ठेवू नका. ठिपका म्हणजे दोन माणसांची जबान. साताऱ्याच्या विभागात शिकलगार मॅडमनी ही रीत जशीच्या तशी चालू ठेवली होती. डोळा ओळ गाळतो, कान गाळत नाही, असं त्या सांगत. आणि पहिल्या दिवशीच बजावत, "एकट्याने टाकलेला ठिपका म्हणजे खोटी सही. माझ्याकडे त्याला माफी नाही."

या कामाला अरबीत मुकाबला म्हणतात. निवृत्त सुभेदार लालासाहेबांना तो शब्द फार पसंत पडला होता.

क्रांतीचं सगळं या पोथीवर अवलंबून होतं. पीएच.डी.ची यंदा एकच जागा होती. अर्जाची मुदत शुक्रवार, सव्वीस सप्टेंबर, संध्याकाळी पाच. अर्जासोबत पूर्ण ताडलेली संहिता आणि ती ताडल्याचं मॅडमच्या सहीचं पत्र. पत्र नसेल तर अर्ज उघडलाही जाणार नव्हता. मॅडम मे महिन्यात निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्यानंतर साताऱ्यात अरबीची जागा राहील की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा मंगळवार आणि शुक्रवार, सकाळच्या एसटीने सांगली. ग्रंथसंग्रह मनुबाई सांभाळत. पोथीला हात लावण्याआधी त्या दोघांचे हात उलटेसुलटे करून बघत.

"ह्या बोटाला तेल हाय."

"मनुबाई, धुतलेत हो," सौमित्र म्हणे.

"भडंग खाल्लंसा. वास येतोय. जावा, परत धुवा. पोथी पुरातनं वाचली, तुमच्या भडंगानं मारू नका."

तो वाची, ती ऐकी. उत्तरेच्या खिडकीशी पान तिरकं धरून सौमित्र एकेक अक्षर, एकेक खूण उच्चारी. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत असे, तो वाढला की त्याला आवाज चढवावा लागे, आणि मनुबाई दारातून म्हणत, "भांडताय का शिकताय?" प्रत्येक वर्तुळाआधी तो क्षणभर थांबत असे. श्वास घ्यायला. निदान क्रांतीला तसंच वाटायचं. चौथ्या का पाचव्या दिवशी तिने ठिपका टाकून मान वर केली तेव्हा तो पानाकडे बघत नव्हता.

"पोथी तिकडं आहे," ती म्हणाली.

"माहितेय."

"मग?"

"ठिपका नीट पडला का, बघत होतो."

"ठिपका कागदावर पडतो. माझ्या कपाळावर नाही."

व्याकरणाच्या जुन्या ग्रंथांत उदाहरणं ठरलेली असतात. झैदने अम्रला मारलं. कर्ता कोण, कर्म कोण, हे शिकवायला शेकडो वर्षं झैद अम्रला मारतोय.

"ह्या अम्रनं केलंय तरी काय?" एकदा जेवताना क्रांती म्हणाली. तिने भाकरी आणि खर्डा आणला होता. सौमित्र घोटाघोटाने पाणी पीत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी दुसरी भाकरी मागत होता.

"छत्री टाकली असेल पायावर," तो म्हणाला.

ती हसली. मग हसल्याचा राग येऊन तिने खर्ड्याचा डबा आपल्याकडे ओढून घेतला.

ऑगस्टच्या मध्यावर तुम्ही जाऊन तू आलं. कुणी आधी म्हटलं, यावर दोघांचं आजही एकमत नाही. सप्टेंबरचा पहिला आठवडा संपला तेव्हा पन्नास पानं झाली होती. अकरा उरली होती, आणि अठरा दिवस हातात होते.

मंगळवार, नऊ सप्टेंबर. सकाळी साडेसहाला लालासाहेब उसाच्या बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. कराडच्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. क्रांतीचा भाऊ वीरधवल फौजेत, जम्मूला. रजा मिळेपर्यंत दवाखान्यात तीच. बारा दिवस ती खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसली. नकलेची फाइल तिने पहिल्याच दिवशी सौमित्रकडे दिली होती. नुसती सांभाळायला.

रविवार, एकवीस तारखेला तो दवाखान्यात आला. हातात फाइल आणि लालासाहेबांसाठी महाबळेश्वरचा जॅम.

"झालं," तो म्हणाला.

तिने फाइल उघडली. शेवटची अकरा पानं. एकूणएक वर्तुळात ठिपका. ती इतकी थकली होती की तिला रडूच आलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, फक्त स्टूल आपल्याकडे ओढून घेतलं आणि म्हणाला, "तू घरी जा. झोप. मी आहे इथे." त्या क्षणी ती त्याच्यावर भाळली, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. त्या क्षणी तिने विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, हे कबूल करायला तिला जास्त वेळ लागला.

सोमवारी वीरधवल रजेवर आला आणि तिने अर्जावर सही केली: संहिता मूळ पोथीशी दोघांनी मिळून ताडली आहे.

मंगळवार, तेवीस सप्टेंबर, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. शिकलगार मॅडमनी सत्तावन्नावं पान काढलं. पोथीचे ओळखू येतील तेवढे फोटो त्यांच्या संगणकावर होते.

"घाडगे, ही ओळ कुठे गेली?"

एकाखाली एक दोन ओळी, दोन्हींची सुरुवात त्याच दोन शब्दांनी. नक्कल करताना क्रांतीची नजर पहिलीवरून दुसरीवर घसरली होती आणि मधली ओळ गळाली होती. असं होतं, म्हणूनच तर ताडायचं असतं. पण त्या खालच्या वर्तुळात ठिपका होता. निळा, गोल, ठसठशीत.

"हे कुणी वाचलं?"

क्रांतीने ठिपक्यावर बोट टेकवलं.

"कुणी ऐकलं?"

"मी… दवाखान्यात होते, मॅडम."

मॅडमनी आवाज चढवला नाही. त्यांनी फाइल मिटली, चष्मा काढला आणि पुसला. "या फाइलवर माझी सही होणार नाही. शुक्रवारी पाचपर्यंत माझ्यासमोर काय येतं, त्यावर बोलू. आणि तुझी सही वाचली मी. ती जास्त खटकली."

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी विभागाच्या पायऱ्यांवर सौमित्र भेटला. हातात दोन चहा होते.

"किती ठिपके आहेत ठाऊक आहे?" क्रांतीने विचारलं. "त्रेचाळीस. आत्ता मोजले. कुणी वाचलं तुम्हाला?"

तुम्ही ऐकून त्याचा चेहरा पडला. "मीच वाचलं. एक ओळ पोथीची, एक नकलेची. तीन दिवस बसलो होतो. प्रामाणिकपणे केलंय, क्रांती, डोळे सुजले माझे…"

"डोळे! दोन माणसं कशाला लागतात, ते मी तुम्हाला शिकवायचं?"

"वेळ नव्हता. तू तिथे अडकलेली. मुदत जाऊ द्यायची होती का?"

"मला विचारायचं! फोन होता ना माझ्याकडं? मी मेले नव्हते. रातच्याला यून बसले असते, न्हाईतर मुदत घालवली असती, न्हाईतर मॅडमच्या पाया पडले असते, पण ते मी ठरवलं असतं!" रागावली की तिची भाषा उंब्रजला परत जात असे. "माझी नक्कल, माझं नाव, आन् ठिपकं टाकून मोकळं तुमी? कुणी सांगितलं हुतं?"

"तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठी! लय उपकार झालं!"

दोन मुली जिन्यात थबकल्या. सौमित्रने चहाचे दोन्ही पेले कठड्यावर ठेवले. आता त्यालाही राग आला होता. त्याचा राग वाईसारखाच, आवाज खाली आणि शब्द स्वच्छ.

"एक सांगू? रविवारी तू फाइल उघडलीस. त्रेचाळीस ठिपके बघितलेस. आपल्या दोघांखेरीज ही पोथी वाचणारं जवळपास कुणी नाही, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तू विचारलं नाहीस."

तिला थप्पड बसल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं. खोटं असतं तर तिने कदाचित माफ केलं असतं.

"आज मला झैदची बाजू पटली," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. चहा तिथेच राहिला.

राग तिथेच संपला असता तर बरं होतं. संध्याकाळी सव्वासातला मॅडमचा फोन आला. सौमित्रने त्यांना लांबलचक मेल केला होता. सगळी चूक माझी, क्रांतीला यातलं काहीही माहीत नव्हतं, तिचा अर्ज धरावा, मला काढून टाकावं.

"खरंय का हे?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. मी विचारलं नव्हतं… पण मला कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक."

"मग हा तुझ्या वतीने का बोलतोय?"

"तेच विचारून येते," क्रांती म्हणाली.

बुधवारी सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी तिने वाईत सौमित्रच्या घराची बेल दाबली. दार त्याच्या आईने, चारुशीलाबाईंनी उघडलं. पोळ्यांचं पीठ हाताला होतं.

"तूच का क्रांती? ये ना. तो आंघोळीला—"

"काकू, मी भांडायला आले. आधीच सांगते."

चारुशीलाबाईंनी तिला आपादमस्तक पाहिलं. "मग मागच्या अंगणात जा. पुढच्या खोलीत ह्यांचे विद्यार्थी आहेत. चहा भांडणाआधी घेणार की नंतर?"

सौमित्र ओल्या केसांनी बाहेर आला आणि तिला बघून दारातच थांबला. दोरीवर धोतरं वाळत होती. भिंतीपलीकडून मुलांचं पठण ऐकू येत होतं, एकसुरी, न थांबणारं.

"परत तेच केलंत," क्रांती म्हणाली. रस्ताभर तिने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवेना. "परत माझ्या जागी उभं राहून बोललात. आधी माझे ठिपके, आता माझी चूक. माझी चूकसुद्धा माझ्याकडं ठेवायची नाही? तिच्यावर सही माझी आहे."

"तुझी जागा जाऊ नये एवढंच—"

"मला खोटी जागा नको! दुबईला चाललीस का म्हणून हसतात ना गावात, त्यांना मी दहा वर्षं तोंड दिलं. एकटीनं. तेव्हा कुणी मधे पडलं नाही, बरं झालं. तुम्ही चांगले आहात, हेच तर अवघड आहे. वाईट असतात तर एका वाक्यात संपलं असतं."

तो दारातून अंगणात उतरला. मग म्हणाला, "काय करू सांग."

"सांगणार नाही. विचारा."

"म्हणजे?"

"म्हणजे विचारा! माणसानं माणसाला विचारावं तसं. करू का, जाऊ का, बोलू का. इतकी रूपं पाठ करता, प्रश्न करता येत नाही?"

पलीकडचं पठण थांबलं. बहुधा ऐकत असावेत. सौमित्रने हाताने केसांतलं पाणी निपटलं. घसा साफ केला. तिने त्याला पानाच्या पान वाचताना ऐकलं होतं, पण इतकं अडखळताना कधी नव्हतं.

"अकरा पानं… पुन्हा ताडायला… मी येऊ का सांगलीला? तुझ्याबरोबर?"

"या."

"मॅडमना दुसरा मेल करू का? की पहिला चुकीचा होता?"

"करा. मी वाचल्याशिवाय पाठवू नका."

"आणि…" तो थांबला. "तुझ्यावर माझं प्रेम आहे, हे सांगू का?"

दोरीवरच्या धोतराचं टोक वाऱ्याने तिच्या हातावर आलं. तिने ते बाजूला केलं. कान तापले होते, ते रागाने की कशाने, हे ठरवायला तिला फुरसत नव्हती. दहा पस्तीसची गाडी गाठायची होती.

"आज नको," ती म्हणाली. "शुक्रवारी पाचनंतर विचार."

विचार, म्हणाली. विचारा नाही. हे त्याच्या लक्षात आलं, आणि सांगलीपर्यंत त्याने ते बोलून दाखवलं नाही. तेवढं शहाणपण त्याला एव्हाना आलं होतं.

क्रांतीने नकलेची अकरा पानं कोऱ्या कागदावर नव्याने उतरवायला घेतली ती बसमध्येच, गुडघ्यावर पाटी घेऊन. जुने शाईचे ठिपके खोडून चालणार नव्हतं. बुधवारी तीन ते सहा आणि गुरुवारी नऊ ते सहा, उत्तरेच्या खिडकीशी. त्या बारा तासांत दोघं एकमेकांशी स्वतःचं म्हणून एक वाक्य बोलले नाहीत. तो वाचत होता, ती ऐकत होती. "थांब," ती म्हणे. "पुढे," ती म्हणे. बाकी सगळं झैद आणि अम्रचं. एवढं मन लावून त्याने कधीच वाचलं नव्हतं. एकेक स्वर असा की जणू हातात काच आहे. आणि त्याचा तिला पुन्हा राग येत होता, कारण असं वाचणाऱ्यावर चिडून राहणं फार कष्टाचं काम होतं.

सत्तावन्नाव्या पानावर गळालेली ओळ जागेवर आली. एकोणसाठाव्यावर आणखी एक जागा सापडली, मॅडमच्याही नजरेतून सुटलेली: तीन शब्द. सौमित्रने ते वाचले, क्रांती "थांब" म्हणाली. त्याने पुन्हा वाचले. मग तो पान खाली ठेवून उठला आणि नळाशी जाऊन तोंड धुऊन आला. तीन दिवस एकट्याने सुजवलेल्या डोळ्यांनी हे शब्द त्याला दिसले नव्हते.

मनुबाईंना हे काही बरं वाटेना. "आज भांडत न्हाईसा," त्या दारातून म्हणाल्या. "आजारी हाईसा काय दोघं?"

"भांडतोच आहे, मनुबाई," क्रांती म्हणाली.

शुक्रवार, सव्वीस सप्टेंबर. दुपारी साडेतीनला फाइल मॅडमच्या टेबलावर गेली. वर क्रांतीचं निवेदन, तिच्या हातचं, दहा ओळींचं. शेवटची अकरा पानं आधी एकट्याने ताडली गेली होती. ते न विचारता मी दोघांच्या नावाने सही केली. ही चूक माझी आहे. चोवीस आणि पंचवीस तारखेला ती पानं रीतीप्रमाणे पुन्हा ताडली. त्याखाली सौमित्रच्या चार ओळी, त्याच्या वाट्याच्या चुकीपुरत्या. तिला दाखवून लिहिलेल्या.

मॅडमनी पाऊण तास घेतला. सहा पानं मधूनमधून तपासली. मग पत्रावर सही केली आणि सहीच्या वर एक ओळ जोडली: सोबतचं निवेदन वाचूनच निर्णय घ्यावा.

"हे जोडलं की जागा जाऊ शकते," त्या म्हणाल्या. "काढून टाकायचं असेल तर आत्ता सांग."

"राहू दे, मॅडम."

अर्ज चार वाजून पस्तीस मिनिटांनी जमा झाला. पोचपावतीवर शिक्का उमटला.

पाच वाजून दोन मिनिटांनी, फाटकाबाहेर, सौमित्रने विचारलं, "आता सांगू का?"

"सांग."

त्याने सांगितलं. छोटंसं वाक्य होतं. रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर धडधडत गेले, त्यामुळे त्याला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगावं लागलं. पानाच्या टपरीवरच्या चौघांनीही ऐकलं.

क्रांतीने त्याच्याकडे नीट पाहिलं. गेल्या मंगळवारनंतर पहिल्यांदा.

"मी अजून चिडलेय," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"ते मला माहीत नाही. चिडलेली असताना उत्तर देणार नाही. राग गेला की सांगेन."

"आणि गेलाच नाही तर?"

"तर तेही सांगेन. आता जा, तुझी वाईची गाडी लागलीय."

तो गेला. बसच्या खिडकीतून त्याने हात केला. तिने केला नाही. पण गाडी वळेपर्यंत ती तिथून हललीही नाही.

विद्यापीठाचं पत्र सोमवारी, सहा ऑक्टोबरला आलं. अर्ज फेटाळलेला नाही, स्वीकारलेलाही नाही. समितीला निवेदनावर चर्चा करायची आहे. तारीख नंतर कळवली जाईल. आज गुरुवार, नऊ तारीख. अजून कळवलेली नाही. लालासाहेब काठी घेऊन अंगणात चालू लागले आहेत आणि दिवसातून दोनदा पोस्टाची चौकशी करतात.

क्रांतीचा राग गेलेला नाही. असं ती स्वतः सांगते. काल तिने सौमित्रला दोन फोन केले, दोन्ही भांडायलाच. पहिला चार मिनिटांत तिने कापला. दुसरा एक तास चौदा मिनिटं चालला.